आठ ते नऊचा डबा

मी गांगुर्ड्यांच्या घरातला पोळ्यांचा डबा बोलतोय. पोळ्या आता माझ्यात नसतात. त्या जागी काय असतं, तेच सांगायचं आहे.

मला नाशिकच्या भांडी बाजारातून घेतलं विंचूरच्या सगुणाबाईंनी, मुलाच्या लग्नात द्यायला. टिचकी मारून, कानाशी धरून, चार डबे नाकारून. दुकानदाराने मशीनने माझ्या पोटावर नाव घातलं, 'शेखर व संजना यांस, आईकडून'. दुखलं खूप. पण नाव घातलेलं भांडं घर विसरत नाही.

लग्नानंतर मी नाशिकमध्येच, द्वारका चौकाजवळच्या फ्लॅटमध्ये आलो. सगुणाबाई मुक्कामाला आल्या की मला झाकणासकट एका हातावर उचलायच्या आणि न उघडता म्हणायच्या, "संजना, चारच उरल्यात गं." चारच निघायच्या. वजन ओळखायला मी त्यांच्याच हातावर शिकलो. बुद्धपौर्णिमेला माझ्यातूनच खीर विहारात जायची. पुढे पोळ्या गरम ठेवणारा नवा रंगीत डबा आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. चालायचंच.

गेल्या जूनमध्ये शेखरने मला खाली काढलं. त्याचं असं झालं. जेवताना शेखर फोनमध्ये, दहावीतली लेक सृष्टी फोनमध्ये. संजनाने दोनदा विचारलं, "आमटी वाढू का?" मग तिने शेखरच्या पुढची वाटीच उचलली. पठ्ठ्याने घास रिकाम्या ताटात बुडवला आणि तोंडात टाकला! सृष्टी खो खो हसली. शेखर ओशाळला आणि तिथल्या तिथे त्याने नियम केला, की आठ ते नऊ सगळ्यांचे फोन डब्यात.

"तुमचासुद्धा?" सृष्टीने विचारलं.

"माझा आधी. नियम म्हणजे नियम."

ओरखडे नकोत म्हणून संजनाने जुन्या साडीच्या तीन पिशव्या शिवल्या. पहिला महिना मजेत गेला. सृष्टी शाळेतल्या नकला करायची, शेखर कंपनीतले किस्से सांगायचा. मी माळ्यावरचे दिवस विसरलो. पुन्हा घराला जेवू घालतोय, असं वाटायचं.

मग एका संध्याकाळी शेखरची पिशवी हलकी लागली. आत त्याचा जुना, बंद पडलेला फोन होता. फुगलेली बॅटरी काढून टाकलेला. खरा फोन पँटच्या खिशात. साहेबांचा मेसेज आला तर, ही त्याची धास्ती. तसं सांगितलं असतं तर घराने ऐकलं असतं. पण नियम करणाऱ्याला नियम मोडायची लाज वाटते, म्हणून तो चोरून मोडतो. जेवण झालं की स्वारी बाथरूममध्ये.

त्याच दिवसांत सृष्टीचा फोन माझ्या पोटात सारखा थरथरू लागला. ती माझ्याकडे बघायची आणि तिचा घास हातातच राहायचा. एक दिवस तिने धीर केला. संजना ओट्यापाशी होती.

"पप्पा, एक सांगायचंय. वर्गातल्या मुलींनी ग्रुपवर माझ्या फोटोचं..."

"आलोच बेटा, दोन मिनिटं," म्हणत शेखर उठला.

ती थांबली. बाथरूममधून मेसेज आल्याचा टुंग आवाज आला. सृष्टीने वळून मला पाहिलं, मग हातावर उचललं, अगदी आजीसारखं. झाकण काढून पप्पांची पिशवी उघडली. तो मेलेला फोन तिने पाहिला आणि पुन्हा जागेवर ठेवला. झाकणाचा आवाजसुद्धा केला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शेखर हात पुसत आला. "हां, काय म्हणत होतीस?"

"काही नाही. विसरले."

दुसऱ्या दिवसापासून तिच्या पिशवीत फोनऐवजी पत्त्यांचा कॅट येतो. अर्धी पोळी खाऊन ती अभ्यासाला म्हणून खोलीत जाते आणि दार लावते. आत तिचा थरथरणारा फोन आणि ती, दोघंच. परवा शेखर विंचूरला फोनवर अभिमानाने सांगत होता, "आई, आमच्याकडे आठ ते नऊ सगळ्यांचे फोन बंद!" तिकडून सगुणाबाई म्हणाल्या, "लय बरं केलं बाबा. पोर बोलती ना मंग तुझ्यासंगं?" शेखर हो म्हणाला. मला झाकण फेकून द्यावंसं वाटलं.

पोर बोलत नाही रे शेखर. तीन पिशव्यांत एकच खरा फोन असतो, तो संजनाचा.

बाबा, तुझंच नाव माझ्या पोटावर आहे, म्हणून मागतो. उद्या आठ वाजता मला एकदा हातावर उचलून बघ, तुझी आई उचलायची तसा. दोन फोन कमी भरतील. एक तुझा, तो तुला ठाऊकच आहे. दुसरा कुणाचा ते समजलं, की तिला रागावू नकोस. खिशातला फोन माझ्यात टाक, झाकण लाव, आणि मोकळ्या हाताने तिचं दार वाजव.