सतरा नंबरची ट्रॉली

माणसानं कुणाशीही वैर घ्यावं, पण अंगणवाडीतून रिटायर झालेल्या बाईशी घेऊ नये. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यात सुभद्राबाईंनी बत्तीस वर्षं लेकरांची वजनं केली, नाकं पुसली, नखं कापली. सरपंचाच्या नातवालासुद्धा हात धुतल्याशिवाय खिचडीच्या पंगतीत बसू दिलं नाही. अशी बाई विसरत नसते. ती तारीख घालून लिहून ठेवते. मार्टच्या मॅनेजरला हे कुणी सांगितलं नव्हतं, नाहीतर त्यानं त्या व्हिडिओचं लचांड स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलं नसतं.

झालं असं. दिवाळी होऊन पंधरा दिवस उलटले होते. सुभद्राबाईंची सून भावना आपल्या दोन वर्षांच्या लेकीला, चिमीला, घेऊन मार्टात गेली. अमरावतीतल्या त्यांच्या कॉलनीच्या तोंडाशीच ते नवं मार्ट झालेलं, काचेचं, थंडगार. ट्रॉलीच्या दांड्याजवळ लेकरं बसवायची एक जागा असते, तिथं तिनं चिमीला बसवलं. तेवढ्यात फोन वाजला. भावनानं तो कानाला लावला, कशावर तरी हसली, चिमी उठून उभी राहिली आणि बुडाखालची फळी कलंडली. फळी एका बाजूनं निखळलेलीच होती. बांधायचा पट्टा तर कधीचाच तुटलेला. पोरगी बाजूनं सरळ फरशीवर आली. गळ्याजवळचं हाड मोडलं. तीन आठवडे हात गळ्यात बांधून घरभर फिरली बिचारी.

इथपर्यंत झालं ते झालं. लेकरं पडतात. सुभद्राबाईंनी हजार लेकरं पडताना पाहिली होती. पण त्याच संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर मार्टच्या मॅनेजरनं कॅमेऱ्यातला अकरा सेकंदांचा व्हिडिओ टाकला. नाव त्याचं शेखर, अकोल्याहून बदलून आलेला, बोलणं एकदम पुस्तकी. एरवी तो ग्रुपवर साबणावर साबण फुकट असलं काहीबाही टाकायचा. त्या दिवशी त्यानं खाली लिहिलं, ‘पालकांनो, खरेदी करताना मोबाइल नव्हे, मूल सांभाळा.’ व्हिडिओत भावनाचं हसतं तोंड दिसत होतं, पडणारी चिमी दिसत होती, ट्रॉलीच्या पाटीवरचा सतरा आकडा दिसत होता. मोडकी फळी तेवढी दिसत नव्हती. याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा.

तो व्हिडिओ कुठं कुठं गेला विचारू नका. तेल्हाऱ्याला भावनाच्या माहेरी पोचला. तिच्या मामानं, शेषरावांनी, फोन करून अक्कल शिकवली. दूधवाल्याची बायको दारात थांबून म्हणाली, “तुमीच का वो त्या मोबाइलवाल्या?” भावनानं घराबाहेर पडणं सोडलं. ते एक वेळ सुभद्राबाई सोसत्या. पण एका सकाळी चिमी आईकडे हात पसरून उभी राहिली, तर भावना दोन पावलं मागं सरली. “आई, तुमीच घ्या तिले,” म्हणाली. “माह्या हातून पडीन ते.”

तेव्हा सुभद्राबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कारण एक गोष्ट फक्त त्या दोघींना ठाऊक होती. तो फोन सुभद्राबाईंचाच होता. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, विसरू नको, गेल्या खेपेला पालक आणला होतास सांबार म्हणून, एवढंच त्या बोलल्या होत्या, आणि त्यावर भावना हसली होती. महिनाभर सगळ्या दुनियेच्या शिव्या खाल्ल्या, पण सासूचा फोन होता हे भावनाच्या तोंडून बाहेर पडलं नाही. अशी सून. आणि तो दीडशहाणा तिला लेकरू सांभाळायला शिकवणार.

तशा त्या दुसऱ्याच दिवशी मार्टात जाऊन आल्या होत्या. काचेच्या केबिनमध्ये शेखर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. ट्रॉलीची फळी मोडलेली आहे, एवढं बोलून होईस्तोवर त्यानं मान वर न करताच सांगितलं, “आजी, तुम्ही घरी बसा. सुनेला जरा वळण लावा.” बस. सुभद्राबाई परत आल्या, कपाटातून आखीव पानांची वही काढली, पहिल्या पानावर तारीख घातली.

मग रोज सकाळी साडेआठला त्या फिरायला निघायच्या आणि मार्टच्या बाजूच्या दूध केंद्राच्या बाकड्यावर जाऊन टेकायच्या. अर्धवट उघडलेल्या शटरमधून सगळं दिसायचं. मागच्या दाराला टेम्पो लागायचा. कोंबडीच्या मांसाचे बर्फाचे डबे याच ट्रॉल्यांतून आत जायचे, लालसर पाणी टपकत. फरशी पुसायची बादली याच ट्रॉल्यांतून फिरायची. मग त्याच ट्रॉल्या ना पाणी ना फडकं, सरळ पुढच्या दारात रांगेनं उभ्या. दहा वाजता लेकरं येऊन त्यात बसायची आणि दात शिवशिवणारी तान्ही पोरं तोच दांडा चघळायची.  सतरा नंबरची फळी मार्टवाल्यांनी सुतळीनं बांधून ठेवली होती, दुरुस्ती नाही काही नाही. वहीची अठरा पानं भरली. आता करायचं काय, ते मात्र सुचत नव्हतं. म्हातारीच्या वहीला कोण विचारतो?

संक्रांत आली आणि देवानं ताट वाढून समोर ठेवलं.

महिला मंडळाच्या शालूताई सांगत आल्या. मार्टात बोरन्हाण ठेवलं होतं. आपल्याकडे लेकराला काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, औक्षण करतात, डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे करवे ओततात, आणि लेकरं ते वेचून खातात, ते बोरन्हाण. मार्टच्या मोठ्या साहेबांच्या डोक्यातून निघालं होतं की पाट कशाला, लेकरं सजवलेल्या ट्रॉल्यांत बसवा, फोटो बरे येतील. पंचवीस लेकरं यायची होती. ओवाळायला कुणी जुनी, नऊवारीतली, गाणी येणारी बाई पाहिजे होती.

“येतो ना,” सुभद्राबाई म्हणाल्या. “काऊन नाई?”

भावना आतून बाहेर आली. “आई, तिथं कशाले जाता?”

“लेकरांले ओवाळाले,” त्या म्हणाल्या.

मार्टात त्या दिवशी जत्रा भरली होती. ट्रॉल्यांना फुगे, सोनेरी झिरमिळ्या. शेखर हातात माइक घेऊन मिरवत होता. त्यानं सुभद्राबाईंना वाकून नमस्कार केला, या काकू, या. ओळखलं नाही. ज्यानं तोंडाकडं कधी पाहिलंच नाही, त्याला तोंड आठवणार कसं?

आणि मग त्यांना ते दिसलं. ट्रॉल्यांच्या पुढं सतरंजी होती, सतरंजीवर रांगोळी, रांगोळीत चांगला शिसवी पाट, आणि पाटावर नुकतंच वर्षाचं झालेलं एक गुटगुटीत बाळ. शेखरचाच मुलगा. बायको दीपमाला खास यासाठी त्याला घेऊन अकोल्याहून आली होती. लोकांची पंचवीस लेकरं ट्रॉलीत आणि याचं एकट्याचं पाटावर. सुभद्राबाईंच्या डोक्यात लख्ख झालं. या माणसाला सगळं ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

त्या रांगेतून हळूहळू फिरल्या. चौथी ट्रॉली सतरा नंबरची. सुतळीवर झिरमिळ्या गुंडाळलेल्या, आत एक पोरगी बसलेली. तिच्या आईच्या कानात त्या म्हणाल्या, “घे बाई, जराशी कडेवर घे तिले.” आई बिचारीनं घेतली. मग त्यांनी पांढरं धुतलेलं फडकं ओलं केलं आणि सगळ्यांसमोर त्या ट्रॉलीचा दांडा पुसला. फडकं काळं निघालं. वासानं पुढच्या दोघी बायांनी नाकाला पदर लावला. सुभद्राबाईंनी ते फडकं तसंच औक्षणाच्या ताटात ठेवलं, निरांजनाच्या शेजारी, आणि ट्रॉली ढकलत पाटासमोर आणली.

“गाणं म्हणतो, माइक द्या जरा,” त्या म्हणाल्या. शेखरनं हसत हसत दिला.

“पह्यला मान मॅनेजर सायबाच्या लेकराचा,” सुभद्राबाईंचा आवाज सगळ्या मार्टात घुमला. बत्तीस वर्षं पोरं गप्प केलेला आवाज तो. “सगळे पोट्टे गाडीत, अन् हा राजा एकटाच पाटावर काऊन? बसवा त्याले. सगळ्याईसंगं बसू द्या.”

बायांनी माना डोलावल्या, मोबाइल वर झाले. ओवाळणीचं ताट हातात असलेल्या म्हातारीला नाही म्हणायची रीत नाही आपल्यात. दीपमालानं कौतुकानं बाळ उचललं आणि ती पुढं आली. सुभद्राबाईंनी ताट शालूताईंच्या हाती दिलं आणि एक हात झिरमिळ्यांतून फळीच्या खाली लावून ठेवला. बापाचा सूड लेकरावर घ्यायला त्या काही राक्षस नव्हत्या. बाळाचे पाय ट्रॉलीतल्या पाय सोडायच्या भोकांत जाणार, इतक्यात शेखरची नजर पाटीवर गेली.

“दीपमाला, त्याच्यात नोको,” तो ओरडला. पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेली. “पडीन तो.”

सुभद्राबाईंनी माइक त्याच्या तोंडापुढं धरला. “काऊन पडीन?”

“फळी... फळी मोडेल हाये तिची.”

“कवापासून?”

त्यानं माइक हातानं बाजूला सारायला पाहिलं.

“कवापासून मोडेल हाये, सायेब? पंचवीस माया उभ्या हायेत इथं. आत्ता एकीची पोरगी बसली होती त्याच्यात.”

“दसऱ्यापासून,” शेखर म्हणाला. माइकमधून ते तेलाच्या डब्यांपर्यंत ऐकू गेलं.

“दसऱ्यापासून,” सुभद्राबाई म्हणाल्या. “माही नात पडली दिवाळीनंतर. याच सतरा नंबरातून. तुमी साऱ्याईनं पाह्यलं ते, दहा-दहा वेळा पाह्यलं. अन् तो फोन माह्या होता. सांबार आण म्हणून म्याच केलता. माह्या सुनेनं दोन महिने तोंडातून शब्द नाई काढला.”

 मग एकीनं आपलं लेकरू उचललं, दुसरीनं उचललं, आणि बघता बघता पंचवीसही ट्रॉल्या रिकाम्या झाल्या. बोरांनी भरलेल्या टोपल्या तशाच राहिल्या. शेखर घामाघूम झाला होता. “काकू, माफ करा. माही नोकरी जाईन.”

“जाऊ दे,” सुभद्राबाई म्हणाल्या. आणि खोटं कशाला बोला, ते म्हणताना त्यांना तिळाच्या लाडवाहून गोड लागलं.

दीपमाला मात्र जागची हलली नव्हती. बाळ छातीशी धरून ती नवऱ्याला विचारत होती, “तुमाले मालूम होतं? दुसऱ्याचं लेकरू पडू देलं तुमी?” विचारता विचारता तिला रडू फुटलं, बाळही रडायला लागलं. चारचौघांत, हलव्याचे दागिने घातलेलं लेकरू घेऊन ती अशी रडत बाहेर गेली आणि ऑटोत बसली. बायांचे मोबाइल अजून वरच होते.

शालूताईंनी सगळा व्हिडिओ सुभद्राबाईंना पाठवला, चार मिनिटांचा. घरी भावनानं तो पाहिला. मग परत पाहिला. तिसऱ्या वेळी चिमी येऊन मांडीत चढली, तर तिनं नकळत तिला हातानं धरून घेतलं. सुभद्राबाईंनी पाहिलं, पण बोलल्या नाहीत. बोललं की असल्या गोष्टी लाजतात.

“टाकतो आता ग्रुपवर,” त्या म्हणाल्या. दोन महिने याच घडीची वाट पाहिली होती. “पाहू दे साऱ्या दुनियेले. त्याची बायको कशी रडत गेली, थेही पाहू दे. त्याले कळन घरातली बाई रडल्यावर कसं लागते तं.”

“थांबा,” भावना म्हणाली आणि फोन सासूच्या हातातून काढून घेतला. “दीपमालाचं रडणं काढून टाकतो यातलं.”

“काऊन? लागू दे ना त्याले.”

“त्याले लागू द्या. तिले नोको. तिच्या माहेरीही ग्रुप असन, आई.”

सुभद्राबाईंना राग आला, पण त्यांनी फोन परत मागितला नाही. भावनानं मान खाली घालून व्हिडिओचा शेवटचा तुकडा छाटला. मग पहिल्यापासून एकदा नीट तपासला. दसऱ्यापासून म्हणणारं शेखरचं तोंड पुरतं, स्पष्ट होतं, आवाजासकट. त्यातला एक शब्दही तिनं कमी केला नाही.

“हे राहू द्या,” ती म्हणाली, आणि ग्रुपवर तिनंच पाठवलं.