व्ही की डबल्यू?

मी स्क्रिप्ट बोलतेय. नाटकाची नव्हे हो, संगणकाची. रुग्णालयात कुणाची तब्येत बिघडली की त्याच्या घरच्यांना मेसेज पाठवायचा, एवढंच माझं काम.

तिथली मुख्य यंत्रणा जावा या संगणकभाषेतली. जुनी, भक्कम आणि भलतीच शिस्तीची. प्रत्येक नाव आधी जाहीर करा. एक अक्षर चुकलं तरी दारातूनच परत. ही यंत्रणा सांभाळणाऱ्या ताईने मला तिच्यावरच चालणाऱ्या, पण सैल स्वभावाच्या भाषेत लिहिलं. साहेब कुरकुरले, "ही भाषा फार लाड करते." ताई म्हणाली, "जावात एवढ्यातेवढ्या बदलाला अख्खी यंत्रणा बंद ठेवायची का? जबाबदारी माझी." मला केवढा अभिमान वाटला होता!

माझ्यातली नावं तिने मराठीच ठेवली, इंग्रजी अक्षरांत. 'नातेवाईक'मधल्या 'वा'ला ती व्ही लिहायची.

मग तिच्या हाताखाली तुफान आला. बोटं भराभर चालतात म्हणून हे नाव. एका सकाळी त्याने माझ्यात काही ओळी बदलल्या आणि त्याच शब्दात डबल्यू लिहिला.

"चाचणी घेतलीस ना?" ताईने विचारलं.

"अहो ताई, एवढ्याशाला कसली चाचणी?"

ताई कामात बुडालेली. नुसती हसली.

मीही तक्रार केली नाही. नवं नाव दिसलं, नवी जागा दिली. फोन नंबर डबल्यूच्या जागेत पडला, आणि पाठवायच्या वेळी मी पाहिलं व्हीच्या जागेत. तिथे काहीच नव्हतं. या माणसाला घरचं कुणी नसेल, असं समजून गप्प बसले.

तो माणूस म्हणजे तिथे दाखल असलेले ताईचे बाबा. त्याच दुपारी त्यांचा श्वास अडकू लागला. "पोरीला कळवलंत का?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "मेसेज गेलाय, काका. येतीलच त्या," नर्स म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास होता. रस्त्यापलीकडच्या ऑफिसात ताई फोन समोर ठेवूनच बसली होती.

संध्याकाळी ती नेहमीसारखी भेटायला गेली, तेव्हा खाट रिकामी होती.

काही दिवसांनी ती कामावर आली. "ताई, निदान शिव्या तरी घाला," तुफान रडत म्हणाला. ती एवढंच म्हणाली, "सरक जरा."

माझं काम आता जावात लिहून झालंय. आज ताई मला पुसून टाकणार आहे. पण त्याआधी तिने डबल्यू खोडून व्ही केला आणि चाचणीसाठी बाबांचीच नोंद घेतली.

तिचा फोन वाजला. 'तुमच्या रुग्णाला तुमची गरज आहे. ताबडतोब या.'

तेव्हापासून ती हलली नाहीये. पुसून टाक गं मला, ताई. माझ्याने तुझ्याकडे बघवत नाही.