बेचाळिसावं पाऊल

मुहापिक्वा आत्याच्या झोपडीपासून टेकडीपर्यंत वाळवंटी गवतात एकेचाळीस उघडी, गोल टकलं होती. पाडा त्यांना मुकुरू देवाची पावलं म्हणायचा. नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकला, गवतांचं शास्त्र शिकायला लागल्यापासून सुट्टीत ती मोजणं हे माझं काम. सोमवारी बेचाळीस भरली.

नवं टक्कल आत्याच्या दारातच. भोवती सगळा पाडा, मधोमध मांत्रिक करुचैवा.

"दहा दिवसांमागं काय बोललो होतो? मुकुरू देव रागावलाय, इथं पाऊल टाकणार! टाकलं की नाही?"

"पाऊल गोल कसं? बोटं कुठायत?" मी विचारलं.

"देव टाचेवर चालतो, पोरी. बोटं शिकलेल्यांना लागतात. मोजायला!"

लोक खो खो हसले.

"मुहापिक्वा, तुझी पांढऱ्या कपाळाची गाय आज मावळतीच्या आत माझ्या गोठ्यात पाहिजे. नाहीतर दुसरं पाऊल झोपडीवर!"

तीन नातवंडांचं पोट त्या एका गायीवर. आत्यानं गायीचा दोर उचलला.

इतक्यात शेळ्या आल्या आणि गुडघे टेकून जमिनीला तोंड लावू लागल्या.

"बघा! जनावरांनाही देव कळला!"

म्हातारा काटुंडू तर लगेच गुडघ्यांवर बसला. आत्या मात्र थबकली. तिचा जन्म शेळ्यांमागं गेलेला.

"नमस्कार कसला? या चाटतायत." तिनं चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली आणि थुंकली. "करुचैवा, तुझा देव खारट आहे रे!"

काटुंडूनं वाकून चाटलं. मग सगळ्यांनीच. अख्खा पाडा ओणवा होऊन देवाची चव घेत होता.

"हे माझ्या गुरांचं मीठ!" काटुंडू ओरडला. "पोतंभर नेलं होतंस ना, पाय शेकायला?"

"शेकले की! देवाचे!" आत्या म्हणाली.

मधोमध मला खुंटीचं भोक सापडलं. खुंटीला दोरी बांधून गोल आखलेला, आत मिठाचं पाणी ओतलेलं, मेलेलं गवत उपटलेलं. खऱ्या टकलाच्या कडेला गवत उंच वाढतं. इथं तेही पिवळं पडलं होतं.

"मग बाकीची एकेचाळीस कुणी केली?" करुचैवा उसळला.

"कुणी म्हणतं वाळवीनं, कुणी म्हणतं पाण्यासाठी गवतंच एकमेकांशी झगडतात. मला नक्की माहीत नाही," मी म्हणाले. "पण 'माहीत नाही' म्हणायला मी कुणाची गाय मागत नाही. जो मागेल, त्यानं दाखवलेली जमीन आधी चाखून बघा."

आत्यानं दोर खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोजलं. एकेचाळीस टकलांच्या वाळूत मोजण्याइतकं मीठ नाही. बेचाळिसाव्यात किलोमागे एकोणीस ग्रॅम. गायीचं सकाळचं दूध सव्वादोन लिटर.