नाक्याअलीकडे कोण उतरणार

आईच्या उजव्या डोळ्याने दिसणं पार बंद झालं होतं आणि डावाही त्याच वाटेवर होता. राजधानीतल्या दवाखान्याने पाच महिने थांबवून ऑपरेशनसाठी बुधवारची तारीख दिली. तेव्हा जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. कुठल्या गाडीने, एवढंच ठरायचं होतं.

"आईला मोठ्या बसने घेऊन जा," माझा भाऊ एलिहियो म्हणाला. "बाराओनातून सुटली की थेट राजधानी. नाक्यावरचे शिपाई तिला नुसता हात करून सोडतात. ग्वाग्वाचं, त्या छोट्या गाडीचं काय, गावोगावी थांबणार आणि प्रत्येक नाक्यावर तिची झडती होणार."

"आणि तिकिटाच्या खिडकीवर ओळखपत्र मागतात त्याचं काय?" मी विचारलं.

माझ्याजवळ ओळखपत्र आहे. आई याच मुलखात, उसाच्या वस्तीत जन्मली, त्याच उसात राबून म्हातारी झाली. पण तिचे आईबाप हैतीचे, आणि तिच्या जन्माची नोंद कुणी केलीच नाही.

तरी बुधवारी सकाळी मी मोठ्या बसच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"दोघींची ओळखपत्रं," आतली मुलगी म्हणाली.

"आईचं घरी राहिलंय गं."

तिने आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, ऐका माझं. आज नका जाऊ. पहाटेच जाळीचे ट्रक गेलेत त्या बाजूला. रिकामे."

रिकामे गेलेले ट्रक बिनकागदाच्या माणसांनी भरून कुठे जातात, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सीमेपलीकडे, हैतीत. पण पुढची तारीख मिळेपर्यंत आईचा दुसरा डोळा थांबला नसता. मी तिचा हात धरला आणि कोपऱ्यावरच्या ग्वाग्वात चढले.

एरवी त्या डबड्यात एका बाकावर चौघं कोंबतात. त्या दिवशी अर्धी गाडी मोकळी होती. "बसा मावशी, आज राणीसारख्या पसरून बसा!" कंडक्टर नान्दो म्हणाला. कुणी हसलं नाही. आईशेजारी मेलिदा नावाची एक जाडजूड, गोरटेली बाई मांडीवर पातेलं धरून बसली होती. मागे विस्नेर नावाचा एक जण. चाळिशीतला गवंडी, बोलण्यावरून हैतीचा. थापी आणि ओळंबा पिशवीतून बाहेर आले होते.

वाटेतल्या अझुआ गावाच्या अलीकडे समोरून येणाऱ्या एका ग्वाग्वाने दोनदा दिवे मारून पुढे झडती असल्याची खूण केली. आमच्या ड्रायव्हरने रेडिओ बंद केला आणि केळीच्या बागेशी गाडी उभी केली.

नान्दो आता हळू बोलत होता. "कागद नसतील त्यांनी इथे उतरा. बागेतून पाटाच्या कडेने चालत जा. नाका ओलांडला की पिवळ्या गोदामापाशी घेतो. सामान राहू द्या गाडीतच."

विस्नेर उठला. जाताना आमच्यापाशी थांबला. "ताई, यांनाही देता का माझ्यासोबत? मी हाताला धरून नेतो आईंना. वाट माहितीय मला."

मी आईकडे पाहिलं. पाटाची कड, आणि तिला पुढचं पाऊलही दिसत नव्हतं. "पडेल ती," मी म्हटलं.

"मर्जी तुमची." पिशवी सीटवर ठेवून तो उतरला. केळीची पानं जराशी हलली आणि परत स्थिर झाली.

गाडी सुटली तशी मेलिदा मला म्हणाली, "तू मागे जाऊन बस. तुझं तोंड घाबरलंय, त्यावरून कळेल. आणि आजी, तुम्ही ठार बहिऱ्या आहात. कळलं? काही झालं तरी बहिऱ्या."

नाक्यावर दोन ट्रक उभे होते. आता रिकामे नव्हते. जाळीतून बोटं बाहेर आली होती.

एक अधिकारी वर चढला. हातात छोटी काठी. थेट आईसमोर उभा राहिला. "नाव?"

"ऐकू येत नाही तिला," मेलिदा म्हणाली. "माझी सासू आहे."

"सासू? एवढी काळी?"

"नवराही काळाच आहे माझा. मला चालतो, तुम्हाला का झोंबतोय?"

त्याने आईच्या उजव्या कानाशी असलेल्या लोखंडी दांड्यावर काठी हाणली. गाडीतलं एक लेकरू किंचाळून रडायला लागलं. आई समोर बघत राहिली. त्या बाजूचं तिला दिसत नव्हतं, म्हणून काठी येतेय हेही कळलं नसणार. मागून मला तिचे पाय दिसत होते. चपलेतली बोटं घट्ट वळली होती.

मग तो माझ्याकडे आला. ओळखपत्र उलटसुलट केलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग आईकडे. "ती म्हातारी तुझी कोण?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "ओळखत नाही मी तिला."

आवाज स्पष्ट होता माझा. तीन बाकांपलीकडे सहज ऐकू जाईल इतका.

तो खाली उतरला आणि हाताने गाडीला जायला सांगितलं.

पिवळ्या गोदामापाशी आम्ही थांबलो. ड्रायव्हरने हॉर्न दिला. बागेतून कुणी आलं नाही. पुन्हा दिला. कुठेतरी आत कुत्री भुंकत होती, एक नव्हे, बरीच. नान्दो पायरीवर उभा राहून पाहत होता. "अजून थोडं थांब," तो ड्रायव्हरला म्हणाला. थोडं थांबलो. मग मागून ट्रकचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि कुणी न सांगता ड्रायव्हरने गाडी हाकली.

मी आईजवळ जाऊन बसले. तिचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही, पण बोटंही मिटली नाहीत.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा तिने आधी विचारलं, "त्या मिस्त्रीची पिशवी?"

"नान्दोने ठेवलीय. कुणी विचारायला आलं तर देईन म्हणाला."

ती छताकडे पाहत पडून राहिली.

परतीचा रस्ता तोच, नाका तोच. म्हणून आई अजून राजधानीतच, माझ्या मावसबहिणीकडे आहे. सुईत दोरा स्वतः ओवते आता. मी महिन्याकाठी भेटायला जाते, तेव्हा ती वस्तीतल्या सगळ्यांची खुशाली विचारते, एकेकाचं नाव घेऊन. नाक्यावरच्या माझ्या त्या उत्तराबद्दल तिने आजवर काही विचारलेलं नाही. मीही काही सांगितलेलं नाही.