एकताच्या आलेखातला खळगा

तळोद्याच्या बाजारात लालचंद शेठचं साड्यांचं दुकान आहे आणि त्यांची मुलगी एकता पदार्थविज्ञानात पीएच.डी. करते. गिऱ्हाइकांनी विचारलं की शेठ म्हणतात, करंटचं काहीतरी आहे. त्यामुळे दोघा गिऱ्हाइकांचं आतापर्यंत पंखा दुरुस्तीचं विचारून झालंय.

एकताचं काम असं: दोन क्वांटम डॉट, म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडण्याइतक्या बारीक दोन जागा, एकमेकींना जोडलेल्या. इलेक्ट्रॉन पहिलीतून सरळ पलीकडे जातो, किंवा वाट वाकडी करून दुसरीत डोकावून येतो. लाटेसारखा वागत असल्यामुळे तो दोन्ही एकदम करतो, आणि एका ठरावीक ऊर्जेला त्या लाटा एकमेकींना खोडून टाकतात. प्रवाह शून्य. वर चुंबकीय क्षेत्र लावलं की तिथं एका स्पिनचे, म्हणजे एका दिशेच्या अंगभूत फिरकीचे, इलेक्ट्रॉन अडतात, उलट्या स्पिनचे खुशाल जातात. अडलेल्यांच्या आलेखात खोल खळगा दिसतो.

तिचे मार्गदर्शक हिलाल भामरे सर यांना हा खळगा मंजूर नव्हता. त्यांच्या जुन्या शोधनिबंधात त्या जागी गुळगुळीत रेघ आहे. सरांनी ऊर्जेच्या पायऱ्या एवढ्या लांब घेतल्या होत्या की गणित खळग्यावरून उडी मारून गेलं. एकतानं हे अदबीनं दाखवलं. सरांनीही अदबीनंच सांगितलं की खळगा काढ, मग प्रबंधावर सही करतो.

त्यात संवत्सरी आली. वर्षभरात दुखावलेल्या, न दुखावलेल्या सगळ्यांची जैन माणूस या निमित्तानं क्षमा मागतो. लालचंद शेठ घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवरून हे काम स्वतः उरकतात. दुसऱ्या दिवशी एकता उपवास सोडायच्या गडबडीत असताना तिच्या मोबाइलवरून 'मिच्छामि दुक्कडम, कळत-नकळत माझी चूक झाली असेल तर अंतःकरणापासून क्षमा मागते' हा मजकूर गॅसवाला, शिंपी आणि भामरे सर यांना सारख्याच भक्तिभावानं गेला.

सरांनी एरवी आठवडा लावला असता, आज लगेच उत्तर दिलं. चूक कबूल केल्याबद्दल अभिनंदन. सोमवारी प्रबंधाच्या समितीपुढे खळगा मागे घे, सही तिथंच करतो.

शेठ खूश झाले. शिरपूरच्या स्थळाची मंडळी तिला डॉक्टर सून म्हणूनच बघायला येणार होती.

"बेटा, माफी मागून झालीच आहे. आता आणखी काय जातंय तुझं?"

"माझं काम जातंय, पप्पा."

सोमवारी तिनं समितीपुढे लॅपटॉप लावला. आधी सरांच्या लांब पायऱ्या घेतल्या. रेघ गुळगुळीत आली. सर प्रसन्न झाले. मग त्याच गणितात पायऱ्या बारीक केल्या. एका स्पिनची रेघ थेट शून्यावर उतरली, दुसऱ्या स्पिनची वरून निघून गेली. समितीतले दोघे कपातल्या चहाचं निरीक्षण करू लागले.

सर चिडले की अहिराणीत येतात. "तू माले शिकाडी ऱ्हायनी का? माफी कोनी मांगी व्हती?"

तो मजकूर वडिलांनी पाठवला होता, हे सांगून तिला सुटता आलं असतं.

"मन दुखावलं असेल तर माफी आजही मागते, सर. खळग्याबद्दल नाही मागणार. तो मी पाडलेला नाही."

सरांनी पेनाला टोपण लावलं. सहीचं आता दिवाळीनंतर बघू म्हणाले.

"दिवाळीनंतर येते," एकता लॅपटॉप मिटत म्हणाली. "तोवर पायऱ्या आणखी बारीक करून ठेवते."