दोन हप्ते जास्त

शिवणवालीच्या खोलीत, कापडाच्या कातरलेल्या चिंध्यांमध्ये बसलेल्या तीन बायका आपापल्या पायांच्या बोटांकडे पाहत होत्या आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या बाई पत्र्याच्या डब्यातले पैसे तिसऱ्यांदा मोजत होत्या.

"चौघींचे चार हप्ते हवेत," त्या म्हणाल्या. "निघतायत सहा. कमी भरणारे खूप पाहिले मी. हे पहिल्यांदाच."

चौघींच्या या बचत गटाची एक रीत होती. डब्यावर कापड टाकलेले असे आणि प्रत्येकीने त्याखाली हात घालून आपला हप्ता ठेवायचा. कुणाची मूठ हलकी आहे हे कुणाला दिसू नये. कमी पडलेच तर सगळ्या मिळून भर घालत आणि कुणाचे कमी होते, हे कुणी विचारत नसे. कापडाखालच्या त्या ओंजळभर अंधारात चौघींची अब्रू तीन वर्षे सुखरूप राहिली होती. आज त्याच अंधाराने घोळ घातला होता.

चौथी, इस्त्रीवाली, अजून यायची होती. उजवा हात भाजल्यापासून तीन आठवडे तिच्या दुकानाची फळी उघडलेली कुणी पाहिली नव्हती. तिने मात्र तिघींनाही बजावले होते, "माझा हप्ता मी भरेन. कुणी मधे पडलात तर तोंड बघणार नाही."

"माझ्याकडे आपले सुटे होते, म्हणून टाकले," साबणवाली पुटपुटली.

"सुटे? तुझ्याकडे?" शिवणवाली म्हणाली. "साबणाचा चुरासुद्धा मोजून देतेस!"

"आणि तू गं? परवा तर दोऱ्यालाही पैसे नव्हते तुझ्याकडे."

सर्वांत धाकट्या अंडीवालीने मान खाली घातली. "मीपण भरला. ताईंचा."

बाईंना हसू आवरेना. "तीन मैत्रिणी आणि तिघीही चोर! बरं, आता नीट ऐका. अंडी उबवायच्या यंत्राचं कर्ज मंजूर व्हायचं तर चौघींच्या सह्या आजच हव्यात. एकही राहिली, तर वर्षभर थांबा."

अंडीवालीचा चेहरा उतरला. पिल्लांसाठी तिने घरामागची खोलीही सारवून ठेवली होती.

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. इस्त्रीवाली आत आली. उजव्या हाताला पट्टी आणि डाव्या हातात नोटा. तिच्या नोटा नेहमीच नुकत्याच घडी मोडलेल्या कपड्यासारख्या कोऱ्या दिसत.

"हा माझा हप्ता."

"तुमचा झालाय," बाई सहज बोलून गेल्या. "तीनदा."

इस्त्रीवालीने एकेकीकडे पाहिले. ती दृष्टी जिथे थांबे, तिथली मान खाली जाई.

"म्हणजे तिघींतल्या एकीलाही वाटलं नाही, की ही जमवेल?"

"अगं, तसं नव्हे..." शिवणवालीने सुरुवात केली.

"तू तर बोलूच नकोस. घरात दोरा नाही आणि निघाली माझा हप्ता भरायला! पंधरा दिवस मागच्या दाराने कपडे घेतेय मी. डाव्या हाताने इस्त्री फिरवायला शिकले. बाह्या अजून वाकड्या येतात, गिऱ्हाईकं कुरकुर करतात, पण येतात."

तिने डब्यातले जास्तीचे तीनही हप्ते उचलले आणि एकेकीच्या तळहातावर असे दाबून ठेवले, की साबणवाली "आई गं!" म्हणाली. मग आपल्या नोटा तिने कापडाखाली सरकवल्या.

कर्जाचा कागद तसाच पडून होता. अंडीवालीला सही मागायचा धीर होईना. आणखी काही बोलावे, तर ताई तशाच निघून जातील, आणि त्यांच्याबरोबर ते यंत्रही.

"पेन द्या," इस्त्रीवाली बाईंना म्हणाली.

डाव्या हाताने तिने सही केली. अक्षरे पहिल्यांदाच चालायला लागलेल्या मुलासारखी झोकांड्या खात ओळीच्या टोकापर्यंत पोहोचली. तिने ती एकदा निरखली आणि पेनाला टोपण लावले.

अंडीवाली तिच्या मागोमाग दारापर्यंत धावली. "ताई, रागावलात ना माझ्यावर? पुढच्या वेळी याल ना?"

इस्त्रीवालीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. तिच्या खांद्यावरची चुरगळलेली ओढणी झटकन ओढून घेतली, पट्टी बांधलेल्या हातावर टाकली आणि जिना उतरून गेली.