टिटवीचा राखणदार

कोगनोळीच्या शिवारात मष्णूआप्पांच्या तंबाखूच्या रानाचा रुबाब वेगळाच. रानात हरळीची एक काडी दिसली तरी आप्पांना जेवण गोड लागत नसे. त्यामुळे मधोमध खाटेएवढा तुकडा न कुळवता ते घरी आले, तेव्हा बायकोला, राजाबाईंना वाटलं, ह्यांना ऊन लागलं.

"टिटवीची अंडी हाईत," आप्पा ओशाळून म्हणाले. "चार हाईत. बैलाचा पाय पडता पडता वाचला."

खुणेसाठी त्यांनी भोवती काठ्या रोवल्या आणि वर आडव्या काटक्या बांधल्या. हरभऱ्यात अळ्या टिपणाऱ्या पाखरांना बसायला रोवतात तशा. हाताला वळण तेच. सकाळी बघतात तर एका काठीवर कावळा ऐटीत बसलेला आणि खाली अंडी तीनच.

"तुमी कावळ्याला खुर्ची मांडून दिलीसा," राजाबाई म्हणाल्या.

आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी काठ्या उपटून बांधावर फेकल्या. आता पंचाईत अशी, की दुसऱ्याच दिवशी पुतण्या साईराज ढेकळं फोडायला ट्रॅक्टर घेऊन येणार होता. रोटर मारताना तो गाणी एवढ्या मोठ्यानं लावायचा, की त्याला समोर उभा हत्तीही दिसला नसता. खूण नसेल तर अंड्यांचा चुरा ठरलेला.

शेवटी आप्पा स्वतःच खूण होऊन उभे राहिले. अंड्यांपासून चार हात लांब, डोक्याला टॉवेल गुंडाळून. उपकाराची जाण टिटवीला कुठली? ती त्यांच्या डोक्यावर झेपा घेत होती, शिव्या घालत होती. साईराजनं त्यांना वळसा घालून रान उरकलं आणि जाताना व्हिडिओही काढला. संध्याकाळपर्यंत तो गावभर झाला.

आठवड्याभरानं आप्पा गेले, तर जागा रिकामी. अंडी नाहीत की टरफलं नाहीत. कावळ्यानं डाव साधला, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात शेजारच्या यल्लाप्पाच्या बांधावरून टिटवी किंचाळत त्यांच्या अंगावर आली.

"पोरं नसती तर ती कशाला तुमच्या जिवावर उठली असती?" भाकरी घेऊन आलेल्या राजाबाई म्हणाल्या.

खरंच की! बांधापलीकडे तीन पिल्लं तुरुतुरु पळत होती. आप्पांना एवढा आनंद झाला, की त्यांनी टिटवीला हात जोडले. पण पलीकडच्या टोकाकडून गाण्यांचा दणदणाट ऐकू आला. आज यल्लाप्पाच्या रानात साईराजचा रोटर होता.

धोतराचा सोगा धरून आप्पांनी बांध ओलांडला आणि ते ट्रॅक्टरच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

"आप्पा, हे तुमचं रान न्हवं," साईराज ओरडला.

"ते टिटवीला कोण सांगणार? जरा दम धर रं. लेकरं चालत्यात."

साईराजनं आधी गाणी बंद केली, मग इंजिन.